घर एक, दप्तरे तीन
जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीत मालकी सिद्ध करण्याचे ओझे अखेर नागरिकाच्याच खांद्यावर

येवला : विंचूर चौफुलीचा गजबजाट मागे टाकून जुन्या गावात शिरले, की गल्ल्या अरुंद होत जातात आणि घरांच्या भिंती एकमेकींना टेकतात. यातील अनेक घरांच्या दर्शनी खोलीत आजही हातमागाचा खड्डा आहे. पैठणीने येवल्याला दूरवर ओळख दिली. ती पैठणी कारखान्यांपेक्षा अशा घरांतच अधिक विणली गेली. त्यामुळे येथे घर विकले जाते तेव्हा निवाऱ्याबरोबर अनेकदा मागाची जागाही हातची जाते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहावे, तर आयुष्यभराची बचत, दागिने आणि वर बँकेचे कर्ज एका सहीवर पणाला लागलेले असते. दोन्ही पक्षांसाठी एवढा मोठा असलेला हा व्यवहार मात्र पुष्कळदा घरपट्टीची पावती आणि ओळखीच्या माणसाचा शब्द यांच्या भरवशावर पुढे सरकतो. नंतर उभ्या राहणाऱ्या तंट्यांचे मूळ बहुधा येथेच असते.

प्रश्न समजून घेण्यासाठी एक काल्पनिक, परंतु जुन्या गावात सहज आढळावे असे घर डोळ्यांसमोर आणू. आजोबांनी १९६० च्या दशकात स्वतःच्या कमाईतून ते खरेदी केले. आजी आधीच गेलेली. आजोबांच्या पश्चात ते एकुलत्या एका मुलाकडे आले. तोही मृत्युपत्र न करता वारला. आता मागे आहेत आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन बहिणी. थोरला भाऊ मागावर बसतो, धाकटा नाशिकला नोकरी करतो. घर विकावे, असे धाकट्याने सुचवले आहे आणि गिऱ्हाईकही तयार आहे. हे घर कोणाचे, असा प्रश्न सरकारी कार्यालयांना विचारला, तर काय उत्तर मिळेल?

नगरपरिषदेच्या कर आकारणी दप्तरात थोरल्या भावाचे नाव सापडेल, कारण घरपट्टी तोच भरतो. भूमि अभिलेख कार्यालयातील मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव असेल, कारण त्यांच्यानंतर वारस नोंद करून घेण्याची निकड कोणाला भासली नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात या घराचा शेवटचा नोंदणीकृत दस्त म्हणजे वडिलांनी एका पतसंस्थेला करून दिलेले गहाणखत असेल. म्हणजे तेथे मालक म्हणून वडील उभे आहेत. घर एक, दप्तरे तीन आणि नावेही तीन. गंमत अशी, की यांपैकी एकही नाव आजच्या मालकीचे पूर्ण उत्तर देत नाही.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

सर्वसामान्य समजूत अशी, की सरकारी दप्तरात नाव चढले म्हणजे मालकी मिळाली. कायद्याची भूमिका वेगळी आहे. महसुली वा भूमापन दप्तरातील फेरफाराने कोणालाही मालकी प्राप्त होत नाही आणि कोणाची मालकी नष्टही होत नाही. अशी नोंद मुख्यतः कर व सारा कोणाकडून घ्यावा यासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी, आणि सप्टेंबर २०२१ मधील निर्णयातही, स्पष्ट केले आहे. घरपट्टीच्या पावतीचे स्थान तर त्याहूनही दुय्यम. ती ताब्याचा एक पुरावा ठरू शकते. मालकीचा दाखला ठरत नाही.

मग नोंदणीकृत खरेदीखताचे काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. म्हणजे खरेदीखताची नोंदणी अपरिहार्यच आहे. परंतु नोंदणी अधिनियम, १९०८ हा दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. दस्त करून देणारा माणूस तोच आहे ना, त्याने सही स्वेच्छेने केली ना आणि मुद्रांक शुल्क पुरेसे भरले ना, एवढे पाहणे हे दुय्यम निबंधकाचे काम. विकणाऱ्याला ती मिळकत विकण्याचा अधिकार होता किंवा नाही, याचा निवाडा करणे त्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमासंदर्भात सांगितले. साध्या शब्दांत सांगायचे, तर ज्याचे घर नाही त्यानेही खरेदीखत करून दिले, तर त्याची नोंदणी होऊ शकते. विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क होता, तेवढाच घेणाऱ्याकडे जातो. त्याच्यापाशी काहीच नसेल, तर काहीच जात नाही.

पाचातला एक वाटा

वरील उदाहरणातील कुटुंब हिंदू असेल, तर हिशेब सोपा, परंतु अनेकांना धक्का देणारा आहे. आजोबांची मिळकत स्वकष्टार्जित होती आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू झाल्यानंतर ती वारसाने वडिलांकडे आली. त्यामुळे ती वडिलांची वैयक्तिक मिळकत ठरते. वडिलांच्या पश्चात विधवा, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गाचे वारस सारख्या हिश्श्याने मालक होतात. म्हणजे आईचा एक पंचमांश, प्रत्येक भावाचा एक पंचमांश आणि प्रत्येक बहिणीचा एक पंचमांश. ज्याच्या नावे घरपट्टी येते तो थोरला भाऊ पाचातल्या एका वाट्याचा धनी आहे. आई आणि दोन बहिणी मिळून तीन वाट्यांच्या मालक आहेत. मुलीचे लग्न झाल्याने यात काहीही फरक पडत नाही, आणि हे २००५ नंतरचे नसून १९५६ पासूनचे आहे.

घर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचे असेल, तर २००५ च्या दुरुस्तीचा प्रश्न येतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद म्हणून हक्क दिला होता. परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटवला. मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे, त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना या दुरुस्तीने धक्का लागत नाही. तोंडी वाटणीचा बचाव मात्र सहसा मान्य होत नाही. सार्वजनिक दस्तऐवजांनी ती सिद्ध होत असेल, तरच अपवाद. पंचांसमक्ष साध्या कागदावर लिहून ठेवलेल्या 'घरगुती वाटणी'वर विसंबणाऱ्यांनी हा भाग नीट ध्यानात घ्यावा.

मुस्लिम कुटुंबांत वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो. तेथे एकत्र कुटुंबाची कल्पना नाही आणि हिश्श्यांचे प्रमाणही निराळे आहे. तथापि विधवा आणि मुली यांना ठरलेला वाटा तेथेही आहे. कुटुंब कोणतेही असो, सर्व वारसांची नावे निश्चित झाल्याखेरीज व्यवहाराला हात घालू नये, हा निष्कर्ष समान राहतो.

थोरल्या भावाने एकट्यानेच सही करून घर विकले, तर काय होईल? खरेदीदाराला फार तर त्याचा एक पंचमांश हिस्सा मिळेल. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला त्या घरात इतरांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही, असे १८८२ च्या अधिनियमाचे कलम ४४ सांगते. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. आणि त्याने तो लावला, की वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार कुटुंबातील व्यक्ती न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेण्याची मागणी करू शकते. पूर्ण घराचे पैसे मोजलेला खरेदीदार अशा रीतीने ना घराचा, ना पैशाचा राहतो.

बहिणीची सही आणि मागाची जागा

या टप्प्यावर 'बहिणींची सही घेऊन टाकू' असे सहजपणे म्हटले जाते. हक्कसोडपत्र हा कायदेशीर मार्ग आहे. परंतु ते नोंदणीकृतच असावे लागते. शंभर वा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेल्या संमतीने स्थावर मिळकतीतील हक्क सुटत नाही. पुढे बहीण वा तिच्या मुलांनी दावा लावला, तर तो कागद खरेदीदाराच्या फारसा कामी येत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की हक्क सोडणे ही बहिणीची मर्जी आहे, कर्तव्य नाही. सर्व वारसांनी विक्रेते म्हणून खरेदीखतावर सही करावी आणि प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी, ही पद्धत बहिणींना न्याय देणारी आहे आणि खरेदीदारालाही सर्वाधिक सुरक्षित आहे. पैसे मिळाल्याची नोंद असलेल्या वारसाला नंतर 'मला फसवून सही घेतली' असे म्हणणे अवघड जाते. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याच्या स्वतःच्या हिश्श्याच्या विक्रीसाठी पालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, हेही विसरता कामा नये.

थोरल्या भावाची बाजूही येथे पाहिली पाहिजे. घर गेले, तर त्याचा माग कोठे बसणार? बहुमजली इमारतीतील सदनिकेत खड्ड्याचा माग बसत नाही. त्याच्यासाठी कायद्यात एक फारशी ठाऊक नसलेली तरतूद आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ नुसार वारसाने मिळालेल्या स्थावर मिळकतीतील आपला हिस्सा एखादा वारस विकू पाहत असेल, तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. किमतीवर एकमत झाले नाही, तर ती न्यायालय ठरवते. धाकट्याचा वाटा घेण्याची पहिली संधी थोरल्याला मिळू शकते. अर्थात त्यासाठी पैसा हवा, आणि कर्ज काढायचे तर बँक पुन्हा तीच स्वच्छ कागदपत्रे मागणार. वारस नोंद वेळेवर न करण्याची किंमत अशा वेळी कळते.

विसार, साठेखत आणि मुखत्यारपत्र

सौदा ठरला, की विसार दिला जातो आणि वहीच्या पानावर पावती होते. विसाराची पावती वा साठेखत हा भविष्यात विक्री करण्याचा करार आहे. त्याने घरात कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे कलम ५४ स्पष्टपणे म्हणते. विक्रेता फिरला, तर खरेदीदाराला करार पूर्ण करून मागण्याचा दावा लावता येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा दिलासा देणे पूर्वीइतके न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही. मात्र त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख नसेल तर नकार कळल्यापासून, ती मोजली जाते. ताबा घेऊन साठेखतावर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. साठेखत नोंदणीकृत नसेल, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर अशा ताब्याला कलम ५३-अ चे संरक्षणही मिळत नाही.

मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा संच करून घर 'विकत' देण्याची पद्धत देशभर रूढ होती. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी 'सूरज लॅम्प' प्रकरणात ठामपणे सांगितले. मुखत्यारपत्र देणारा वारला, की सर्वसाधारणपणे त्याचा अधिकार संपतो. मुद्रांक शुल्क वाचवण्याचा हा मार्ग अखेरीस महागात पडतो.

रोखीचेही तसेच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून मनाई असून, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख वा अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. दस्तात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम हातावर देण्याचा हिशेब व्यवहार मोडल्यावर उघडा पडतो. न्यायालयात जी रक्कम कागदावर आहे, तीच सिद्ध करणे सोपे असते.

बोजा, भाडेकरू आणि बोळ

उदाहरणातील घरावर वडिलांनी कर्ज काढले होते. ते फिटले असेलही. परंतु गहाणमुक्तीचा दस्त झाला नसेल आणि मालमत्ता पत्रकावरील बोजा कमी केला नसेल, तर दप्तराच्या दृष्टीने घर अजून गहाणच आहे. विक्रेता मूळ खरेदीखत दाखवू शकत नसेल, तर ते कोठे आहे, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. मूळ कागद पतसंस्थेच्या वा सावकाराच्या तिजोरीत असण्याची शक्यता गृहीत धरावी.

जुन्या वाड्यांत भाडेकरू असतात. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली त्याला असलेले संरक्षण नव्या मालकाविरुद्धही टिकते. 'खरेदीनंतर काढू' या आश्वासनाला त्यामुळे अर्थ उरत नाही. सामाईक भिंत, शेजाऱ्याच्या पागोळ्या, मागल्या दारी जाणारा बोळ यांचीही चौकशी हवी. वीस वर्षे उघडपणे व अखंड वापरलेल्या वाटेवर किंवा उजेड-वाऱ्यावर १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार शेजाऱ्याचा हक्क उत्पन्न होऊ शकतो. दस्तातील चतुःसीमा आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीनेच बसतो.

गावाबाहेरचे प्रश्न निराळे

जुन्या घरांची ही गुंतागुंत टाळण्यासाठी अनेक जण गावाबाहेरच्या प्लॉटकडे वा नव्या इमारतीकडे वळतात. तेथे वारसांऐवजी परवानग्यांचा प्रश्न उभा राहतो. शेतजमिनीचे गुंठे पाडून झालेली विक्री १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडत आली आहे. नागरी वापराच्या क्षेत्रांत १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले असे व्यवहार शुल्काविना नियमित करण्याची तरतूद राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मधील अध्यादेशाने केली. हा मोठा दिलासा आहे. मात्र तुकड्याचा व्यवहार नियमित होणे आणि तेथील अभिन्यास व बांधकाम मंजूर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सदनिकांबाबत महारेराची नोंदणी मे २०१७ पासून आवश्यक झाली. तथापि जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. लहान शहरांतील अनेक इमारती याच मापात बसतात. त्यांच्या ग्राहकांना १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याचा आधार घ्यावा लागतो. त्यानुसार नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

इंग्लंडची वाट आणि आपली

या साऱ्याचे मूळ आपल्या व्यवस्थेत आहे आणि ती व्यवस्था ब्रिटिश काळात घडली. १८८२ आणि १९०८ चे कायदे आजही आपल्या व्यवहारांचा पाया आहेत. खुद्द इंग्लंड मात्र या काळात वेगळ्या वाटेने गेले. तेथे सरकारी भूनोंदणी कार्यालय मालकीचीच नोंद करते. १ डिसेंबर १९९० पासून संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये विक्रीनंतर अशी नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदवहीतील चुकीमुळे कोणाचे नुकसान झाले, तर २००२ च्या कायद्यानुसार भरपाई मिळू शकते. तेथील ग्राहकाच्या अडचणी वेगळ्या आहेत. करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणताही पक्ष बांधील नसतो, त्यामुळे अधिक किंमत देणारा भेटला, की विक्रेता ऐनवेळी फिरू शकतो. परंतु 'विकणारा मालक आहे काय' या प्रश्नाचे उत्तर तेथे बहुधा एका उताऱ्यात मिळते.

भारतात या दिशेने झालेले प्रयत्न अडखळले आहेत. राजस्थानने २०१६ मध्ये नागरी जमिनींच्या मालकीला प्रमाणपत्र देणारा कायदा केला. आंध्र प्रदेशचा मालकी हमी कायदा २०२४ मध्ये सत्तांतरानंतर रद्द झाला. वादांचा निवाडा न्यायालयांऐवजी अधिकाऱ्यांच्या हाती जाईल, ही त्यामागील भीती निराधार म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या नोंदणी नियमांबाबत निर्णय देताना नोंदणी आणि मालकी यांतील या दरीची दखल घेतली व विधि आयोगाने सुधारणांचा अभ्यास करावा, असे सुचवले. हमी देण्यापूर्वी दप्तरे खरी करावी लागतील. ज्या पत्रकांवर आजही आजोबांचे नाव आहे, त्यांची हमी कोणतेही सरकार कशी देणार?

तोवर सावधगिरीचा खर्च नागरिकालाच करावा लागणार. मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा घेऊन त्यावरील सत्ता प्रकार व बोजा पाहणे, किमान तीस वर्षांच्या दस्तांचा वकिलाकडून शोध घेणे, वृत्तपत्रात जाहीर नोटीस देणे, दिवाणी न्यायालयात दावा प्रलंबित नाही याची खात्री करणे आणि मगच साठेखत नोंदवणे, हा क्रम पाळायला काही आठवडे लागतात. खरेदीखतावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी सादर करावे लागते. नोंदणी फी एक टक्का, परंतु ३० हजार रुपयांहून अधिक नाही. मुद्रांक शुल्क वेगळे. शोधासाठी वकिलाला द्यावे लागणारे पैसे या रकमांपुढे थोडेच असतात.

ज्यांना घर विकायचे नाही, त्यांच्यासाठीही यात एक काम आहे. आई हयात आहे, भावंडांत बोलाचाली आहे, तोवर वारस नोंद करून घ्यावी. ती मालकीचा पुरावा नसली, तरी कोण-कोण वारस आहेत हे सर्वांनी एकदा मान्य केल्याची खूण असते. एका पिढीत पाच सह्यांत आटोपणारे काम पुढच्या पिढीत वीस सह्यांवर जाते, आणि त्यांतील एखादी सही मिळेनाशी झाली, की मागासह घर न्यायालयाच्या तारखांना बांधले जाते.